उगवलेला सबवूफर

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुमची-माझी भांडणं नकोत. माझ्या सबवूफरला कोंब फुटले होते. बोटभर नव्हे, चांगले वीतभर. रंग म्हणाल तर केशर घातलेल्या श्रीखंडाचा. रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यातल्या बायकांनी त्याच्यापुढे बसून गाणी म्हटली, त्याची मिरवणूक काढली आणि त्याला तलावावर नेलं. हसा. हसून झालं की बसा. विश्वास न ठेवणाऱ्यानं निदान बसून तरी ऐकावं.

परवा मीनलचंही असंच झालं. मीनल म्हणजे माझ्या पुतण्याची, सचिनची, नवी बायको. दोघं भिलाईहून जेवायला आली होती. हॉलच्या कोपऱ्यातली काळी पेटी पाहून ती म्हणाली, "काका, फ्रीज इथं काहून ठेवला?"

फ्रीज! खुर्चीवर बसलेल्या माझ्या मित्राचा, तुळशीरामचा, चहा घशातच अडकला, कारण ती पेटी त्याच्या हातची. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको पद्मिनी आणि शेजारच्या दुलौरिन दीदी भाजी निवडत बसल्या होत्या. मी घसा खाकरला.

"झालं," पद्मिनी म्हणाली. "आता वरण थंडं होते."

तर मीनलला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, एक शब्द वाढवत नाही. या गोष्टीला वाढवायची गरजच नाही.

आम्ही नवा टीव्ही घेतला. चित्र असं की नटाच्या दाढीचे केस मोजून घ्यावेत. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा. पडद्यावर हत्ती चालून यायचा आणि आवाज यायचा शेळीचा. तबला लावला तर दायाँ तेवढा वाजायचा, डग्गा कायमचा रजेवर. जन्मभर इमानानं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी डग्ग्याचा घुमारासुद्धा ऐकायला मिळू नये?

हे दुःख मी तुळशीरामला सांगितलं. तो दोन गल्ल्या सोडून राहतो. रेल्वेच्या सिग्नल विभागातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला. त्याच्या हाताखालच्या सिग्नलनं कधी खोटं सांगितलं नाही आणि त्यानंही नाही. मग त्याची-माझी मैत्री कशी टिकली, हे मलाही न उलगडलेलं कोडं आहे.

"खालच्या सुरांसाठी बाजारातून एक सबवूफर आणू म्हणतो," मी म्हणालो.

"बाजारात डबे भेटते," तुळशीराम म्हणाला. "सबवूफर बनवा लागते."

आणि खिशातून खडू काढून तो आमच्या हॉलच्या फरशीवर बसला. माणूस खिशात रुमाल ठेवतो, पेन ठेवतो. हा खडू ठेवतो. संध्याकाळपर्यंत सोफ्यापासून देवघरापर्यंत गणितं पसरली. मी मधेच विचारलं, "इतकं कायले लागते बे?"

"खालचा सूर म्हणजे लांब लाट, गंगाधर. तिले सांभाळाले पेटी मोठी पाहिजे, जड पाहिजे, अन् हवा सुटली नाही पाहिजे. एका सुईच्या टोकाएवढी हवा सुटली, का खेळ खतम."

मी अनेक विद्वान पाहिले आहेत. ते बोलतात तेव्हा आपल्याला झोप येते. तुळशीराम बोलतो तेव्हा आपल्याला काही कळत नाही, पण झोपही येत नाही. विद्वत्तेची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

पेटीची बातमी पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पसरली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरचे अनंतराव वास्तुशास्त्र वाचतात. ते म्हणाले, "आग्नेयेला ठेवा. नाही तर घरातली लक्ष्मी दचकते." दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "आग्नेय नको, तिथं माझी बेडरूम येते वर." आत कापूस भरावा, ही सूचनाही त्यांचीच, आणि तुळशीरामनं मान डोलावली म्हणून ती बरोबर निघाली. कापूस म्हटल्यावर मी पद्मिनीच्या माहेरच्या, अमरावतीच्या गादीकडे पाहिलं. पद्मिनीनं माझ्याकडे पाहिलं. गादीतला अर्धा कापूस गेला. तेव्हापासून त्या गादीवर मी झोपतो.

स्पीकर आणला बीरगांवहून. तिथं एक धुमालवाला होता. आमच्याकडे लग्नाच्या वरातीपुढे ट्रकवर ताशे, की-बोर्ड आणि भिंतीएवढे स्पीकर घेऊन जे चालतात, ते धुमाल. आवाजाचे नियम कडक झाले, तसं त्यानं ट्रकवरचं सामान विकायला काढलं होतं. त्यातला परातीएवढा एक स्पीकर तुळशीरामनं कानाला लावून, बोटानं टिचक्या मारून, डॉक्टर बाळाची छाती तपासतो तसा निवडला.

"भैया, बारा साल बरात में चला है," धुमालवाला डोळे पुसत म्हणाला. "इसको घर में बैठने की आदत नहीं है."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

परातीएवढा स्पीकर ऑटोत घालून आणताना पोलिसानं अडवलं. डीजे आहे का, परवानगी आहे का? मी म्हटलं घरी पिक्चर पाहायचा आहे. तो म्हणाला, कागद आणा. मी भाबडा माणूस, परवानगीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूनं कॉम्प्युटर उघडला. "कार्यक्रम कौन सा? विवाह, धार्मिक, कि राजनीतिक?"

"पिक्चर पाहायचा आहे. घरी. बायकोबरोबर."

"ये तो कार्यक्रम नहीं हुआ." तो विचारात पडला. "पत्नी के साथ है तो विवाह डाल दूँ?"

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली हो."

"तो फिर धार्मिक लिख देता हूँ," तो म्हणाला आणि शिक्का मारला. माझ्या घरातल्या सिनेमाला सरकारनं असा धार्मिक दर्जा दिला. तो कागद मी टीव्हीच्या वर चिकटवून ठेवला.

पेटी उभी राहिली. काय पेटी! आत एक पेटी, बाहेर एक पेटी, दोन्हींच्या मध्ये चार बोटांची पोकळी. तीत पुढेमागे वजन भरता यावं, अशी तुळशीरामची योजना. प्लाय पाण्यात बुडवलं तरी न फुगणारं. सांधे असे की दोन फळ्या कुठं भेटल्या, हे फळ्यांनाही सांगता येऊ नये. हवा सुटते का हे पाहायला तुळशीरामनं स्पीकरवर एका सुरात घुं लावून सांध्यासांध्यावरून उदबत्ती फिरवली. जिथं धूर हलेल तिथं गळती. धूर जागचा हलला नाही. सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथंच थांबला, इतकी शांतता त्या सांध्यांत होती. मुंगी आत गेली असती तर गुदमरून बाहेर आली असती. पण मुंगीला जायला जागाच नव्हती.

मधल्या खिडकीतून दुलौरिन दीदी हे पाहत होत्या. मोठ्या पेटीभोवती उदबत्ती ओवाळणारा तुळशीराम बघून त्यांनी तिकडूनच हात जोडले. तुळशीराम बाबासाहेबांना मानणारा माणूस, जन्मात उदबत्ती ओवाळलेली नाही. तो इतका शरमला की त्यानं ती पाठीमागे लपवली आणि सदऱ्याला भोक पाडून घेतलं.

आता या दीदींविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. आमची त्यांची भिंत एक. भिंतीत एक खिडकी, आणि त्या खिडकीतून आमचा संसार चालतो. इकडून पुडाची वडी जाते, तिकडून तांदळाचा फरा येतो. इकडून वाटी रिकामी कधी गेली नाही, तिकडून कधी आली नाही. पद्मिनी लग्न होऊन अमरावतीहून आली, तेव्हा तिला इथलं हिंदी येत नव्हतं आणि माझं मराठी ऐकायचं नव्हतं. तिला बोलायला शिकवलं दीदींनी. आता दोघी अशा भाषेत बोलतात की ती महाराष्ट्रातही कळणार नाही आणि छत्तीसगडातही नाही. त्या दोघींना मात्र अर्धं वाक्य पुरतं.

तर पहिली चाचणी. पाऱ्यातली मंडळी जमली. तुळशीरामनं हत्तींचा एक माहितीपट लावला. हत्तीनं पाय उचलला. खाली ठेवला.

मी खोटं बोलत नाही, छतावरच्या दोन पाली एकदम खाली उतरल्या आणि दाराबाहेर गेल्या. बंद पंखा अर्धा फेरा फिरला. अनंतराव वरून धावत खाली आले आणि धावतच वर गेले, कारण भूकंपात कुठं जायचं ते वास्तुशास्त्रात नव्हतं. माझ्या पोटातल्या चहाला लाटा आल्या. मी तुळशीरामकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऐकू येते का?" तो म्हणाला. "हे ऐकू नाही येत, गंगाधर. हे भेटते."

पुढं हत्तींचा कळप निघाला, आणि पेटीही निघाली.

हो, निघाली. बारा वर्षं वरातीत चाललेला स्पीकर तो! ढम् झालं की एक पाऊल पुढं. ढम्, पाऊल. तुळशीराम तिच्या मागे, मी पुढे. पण वरातीपुढे उभं राहिलेल्या माणसाला वरात कधी ऐकते का? दाराकडे न जाता ती तिरपी वळली आणि भिंतीला जाऊन धडकली. ती भिंत, म्हणजे आमची आणि दीदींची. कळप धावत होता. पलीकडून आधी एक सरकल्याचा आवाज आला. मग फुटल्याचा.

दीदींची लोणच्याची बरणी. वर्षाचं लोणचं. सासूच्या काळची चिनी मातीची बरणी, फळीवरून चालत चालत गेली आणि पडली.

खिडकीत दीदी दिसल्या. हातात बरणीचं झाकण. त्या वेळी पद्मिनी नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. पण नवऱ्याची बाजू घेण्याची वाईट सवय काही बायकांना नको त्या वेळी लागते. ती म्हणाली, "दीदी, ती फळी पहलेपासूनच तिरपी होती न."

खिडकी बंद झाली. कडी लागल्याचा आवाज आमच्या सबवूफरमधून आला असता तरी इतका खोल लागला नसता.

घरात त्या दिवसापासून सुतक. पद्मिनी वड्या करायची, वाटीत काढायची, खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. ती वाटी मला मिळायची. आजवर मला वाटायचं की चांगला भाग तिकडे जातो आणि उरलेला मला मिळतो. आता चांगला भाग मिळायला लागला, आणि शपथेवर सांगतो, तो गिळवेना. मी एकदा म्हटलं, "जाऊन बोल न."

"मी काय चुकीचं बोलली? फळी तिरपीच होती."

"मग बोलू नको."

"तुम्हाले काय, तुमचे हत्ती आहेत." आणि पदर डोळ्यांना.

भिंतीला कान लावायची मला सवय नाही. पण कान आपोआप लागला तर काय करणार? पलीकडे दीदी सुनेला म्हणत होत्या, यंदा भोजली मांडायची नाही, मन लागत नाही. मीनलला भोजली ठाऊक नव्हती, तुम्हालाही नसेल. श्रावणात इथल्या बायका टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात, रोज संध्याकाळी त्यापुढे गाणी म्हणतात. उन्हाशिवाय वाढलेले ते कोंब सोन्यासारखे पिवळे होतात. तीच भोजली दाई, म्हणजे देवी. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तलावावर नेऊन सोडतात. आणि त्यातले चार कोंब ज्या बाईनं जिच्या कानात खोवले, तिची ती जन्माची मैत्रीण. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, नुसतं भोजली म्हणायचं. आणि भांडायचं तर मुळीच नाही. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा पक्कं. रक्ताचं नातं कोर्टात जातं, हे जात नाही.

आता इकडे तुळशीराम. त्याचं दुःख वेगळंच. "पेटी चालली म्हणजे वजन कमी पडलं. माझी चूक," असं म्हणून त्यानं आमच्याकडचा चहा बंद केला. मग म्हणाला, मधल्या पोकळीत रेती भरू. भर पावसाळा, नदीची रेती काढणं बंद, पूर्ण रायपुरात घमेलंभर रेती मिळेना. वास्तुशास्त्रवाले अनंतराव म्हणाले, मीठ भरा. पद्मिनी म्हणाली, दगड भरा, आणि तो सल्ला नव्हता.

मला आठवलं, आमच्या अभनपुरच्या वाट्याच्या शेतातलं धान आलेलं आहे, पोती जिन्याखाली पडून आहेत. तुळशीरामनं मूठभर धान तळहातावर घेतलं, हलवलं, कानाशी नेलं, फरशीवर खडू चालवला. "चालते," म्हणाला. "रेतीपेक्षा हलकं आहे, पण आवाज पिते."

पेटीच्या माथ्यावर त्यानं वाटीएवढी चार भोकं पाडली, त्यातून धान ओतलं, ठोकून ठोकून बसवलं, आणि भोकांवर पितळेची झाकणं बसवली. साधी नव्हे, आट्यांची. रेल्वेतल्या सवयीनं पान्यानं अशी आवळली की पितळ कुरकुरलं. पाना माझ्या हाती देऊन म्हणाला, "हे आता माझ्याशिवाय कोणाच्या बापानं नाही उघडत."

आणि काय सांगू, पेटी स्थिर झाली! मी तबला लावला. डग्ग्यावरून पंजा घसरला, तो घुमारा असा आला जणू जमिनीखालून कोणी मोठ्या मायेनं हुंकार दिला. भिंत हलली नाही, पाण्याचा पेला हलला नाही, पण छातीतलं जे काही हलायचं ते हललं. तुळशीराम डोळे मिटून बसला होता. मी मनात त्याला साष्टांग नमस्कार घातला. अशी माणसं गावोगाव नसतात. असती तर फरशा पुरल्या नसत्या.

पण ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. पद्मिनी मागच्या अंगणात बसून राहिली. आल्यावर तिनं पेटीवर जुनी चादर टाकली. "डोळ्यासमोर नको," म्हणाली. मीही हॉलचे पडदे ओढून घेतले. उन्हानं पॉलिश उडतं.

पुढचं निसर्गानं केलं. त्या आठवड्यात पाऊस असा लागला की आमचं छत नेमकं त्या कोपऱ्यात गळायला लागलं. थेंब थेंब चादरीवर, चादरीतून झाकणावर, झाकणाच्या कडेनं आत. अंधार होता, ऊब होती, अभनपुरचं धान होतं. त्याला दुसरं काय येतं? ते उगवलं. आणि कोंबांची ताकद बघा, चारही पितळी झाकणं आतून ढकलून दिली. टण्, टण्, टण्, टण्.

पद्मिनीनं एके सकाळी झाडायला चादर ओढली आणि किंचाळली. तुम्ही फ्रीजसारख्या पेटीवर चार ठिकाणी पिवळंधमक जावळ उगवलेलं पाहिलंत तर तुम्हीही किंचाळाल.

ती किंकाळी भिंतीपलीकडे गेली. खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला. पण खिडकीतून माणूस जात नाही, म्हणून दीदी दारानं आल्या, तशाच, ओल्या हातानं, पायात चप्पल नाही. "का होगे ओ पद्मिनी? का होगे?"

भांडण आहे, हे दोघीही विसरल्या होत्या. पद्मिनीनं नुसतं बोट दाखवलं. दीदींनी पेटी पाहिली. कोंब पाहिले. मग सावकाश खोलीभर नजर फिरवली, टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मग पदर डोक्यावर घेऊन त्या खाली बसल्या.

"भोजली दाई आए हे," त्या म्हणाल्या. "मैं नइ बलाएँव त अपन होके आ गे. कोनो हाथ झन लगाहू."

म्हणजे मी बोलावलं नाही, तर आपणहून आली, कोणी हात लावू नका. संपलं. त्या दिवसापासून संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बायका. चादरीचा आडोसा करून अंधार ठेवला. हळदीचं पाणी आलं. गाणी सुरू झाली. आणि काय आवाज हो त्या बायकांचे! माझ्या सबवूफरनं जन्मात न काढलेला सूर त्या फरशीवर बसून काढत होत्या, आणि पद्मिनी त्यांच्यात बसून, अमरावतीच्या चालीत, शब्द न कळता, सगळ्यांच्या वर गात होती. तिच्या शेजारी दीदी. चुकलं की कोपरानं ढोसत होत्या. मी बाहेर ओट्यावर बसायचो. मला आत यायची बंदी होती. आयुष्यात पहिल्यांदा बंदी आवडली.

तुळशीराम आला. आपल्या पेटीवर हळदीचे शिंतोडे, पुढे दिवा, आजूबाजूला वीसेक बायका. तो दारातच थिजला.

"गंगाधर, हे काय करून राहिले? पेटी आहे न ते! ओलं धान आत सडलं तर?"

"हळू बोल. ती आता पेटी नाही."

"मग काय आहे?"

मी टीव्हीवरचा सरकारी कागद दाखवला. "वाच. धार्मिक."

बरोबरीचा माणूस असता तर त्यानं मला मारलं असतं. तो मोठा माणूस, ओट्यावर माझ्याशेजारी बसला. थोडा वेळ गाणं ऐकलं. मग म्हणाला, "ती तिसरी बाई खालचा सा चांगला लावते."

राखीचा दुसरा दिवस उजाडला. बायकांचं म्हणणं, भोजली ज्यात उगवली त्याच्यासकट तलावावर गेली पाहिजे. पाच माणसं, एक हातगाडी, त्यावर पेटी, पुढं गाणाऱ्या बायका, मागं तुळशीराम, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला "हळू, हळू" म्हणत. वरातीतला स्पीकर पुन्हा वरातीत निघाला! तो नक्कीच आतल्या आत खूश झाला असणार. तलावाच्या फाटकाशी चौकीदार आडवा.

"मूर्ति विसर्जन मना है."

"मूर्ती नाही. सबवूफर आहे," मी म्हणालो.

"इलेक्ट्रॉनिक कचरा तो और मना है."

कचरा! तुळशीरामचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तेवढ्यात मी खिशातून कागद काढला. चौकीदारानं शिक्का पाहिला, 'धार्मिक' पाहिलं, पेटी पाहिली. "किनारे तक," म्हणाला. "पानी में सिर्फ घास."

तेच पाहिजे होतं. काठावर बायकांनी कोंब हळूच उपटले, धुतले, पाण्यात सोडले. मग दीदींनी चार कोंब बाजूला काढले. पद्मिनीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता फळीचा विषय निघतो.

"दीदी," पद्मिनी म्हणाली, "फळी तिरपी नव्हती."

"तिरपीच रिहिस, होतीच तिरपी," दीदी म्हणाल्या, आणि कोंब तिच्या कानात खोवले. पद्मिनीनं त्यांच्या कानात खोवले. मग दोघी हसल्या, मग रडल्या, मग गळ्यात गळा. तुळशीरामनं चष्मा पुसला. मी माझा पुसला. मला चष्मा नाही, तरी पुसला.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. भोजली, वाटी घे. भोजली, वाटी आली. तुळशीरामनं पेटी वाळवली, पावसाळा उतरल्यावर रेती भरली, झाकणं पुन्हा आवळली. सांधा एक हलला नव्हता. नवी बरणी दीदींच्या फळीवर असते. हत्ती लावायचे झाले की दीदी आपण होऊन ती इकडे आणून देतात आणि सोफ्यावर येऊन बसतात. हत्ती त्यांना फार आवडतात.

एवढं सांगून मी थांबलो. मीनलचं तोंड उघडंच. सचिन म्हणाला, "काका, एक डाउट आहे. छत गळत होतं म्हणता. पण वर तर अनंतरावांचा मजला आहे. पाणी कहाँ से आया?"

"त्यांच्या कूलरचं असेल," मी म्हणालो.

"पावसाळ्यात?"

तुळशीराम खुर्चीत सरळ बसला. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधीचा मुरत असावा. "कुठूनही येऊ दे. माझ्या झाकणातून गेलं कसं? हवा नाही जात, तर पाणी जाते? अन् आट्यांची झाकणं होती, गंगाधर. कोंबानं ढकलली म्हणते?"

"पिंपळ भिंत फोडतो," मी शांतपणे म्हणालो. "अभनपुरच्या धानाला झाकण काय जड? मीनल, बेटा, ज्याला श्रद्धा नाही त्याला पुरावा लागतो. दीदींना विचार. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. दाई आपणहून आली. काय दीदी?"

दीदींनी भाजीची शेवटची काडी ताटात टाकली. हात झटकले. पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनी खाली मान घालून हसू दाबत होती, आणि ते हसू आजचं नव्हतं, फार जुनं होतं.

"हव, मैं देखे रहेंव," दीदी म्हणाल्या. "चारो ढक्कन टीवी के टेबल ऊपर लाइन से सजे रहिन, बाजू में पाना, अउ पाना के बाजू में तुंहर घर के पानी वाले लोटा. भोजली दाई ला पाना चलाय बर नइ आवय, भैया."